खुब्याचं दुखणं आणि सुट्टीची वाट

दोहात काही दुखलं की आपलं उत्तर ठरलेलं, "बघू, सुट्टीत इंडियात दाखवू!" पण मंडळी, जांघेत दुखत असेल, पाय आत वळवताना कळ येत असेल तर थांबू नका.

मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटला की तिथलं हाड मरू लागतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो आणि आपण निर्धास्त होतो. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या मज्जेतला बदल तेव्हाच दिसतो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडनंतरचे असे तीन रुग्ण नोंदवले. तिघंही चाळिशीच्या आतले, तिघांनीही स्टेरॉइड घेतलेले. कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांना हा त्रास सुरू झाला. त्यांच्यावर औषधांनी उपचार झाले.

हाड खचण्याआधी कळलं तर औषधं किंवा छोटी शस्त्रक्रिया करून सांधा वाचवायला वाव असतो. खचलं की बहुधा सांधा बदलणंच उरतं. म्हणून पूर्वी घेतलेले स्टेरॉइड, दारूची सवय, सगळं न लाजता सांगा आणि "एमआरआय लागेल का?" हे इथल्याच डॉक्टरांना विचारा. सुट्टी काय, दरवर्षी येतेच!