संगणकाची कबुलायत : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढाचा पाऊस लागून भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांत रोवणी सुरू झाली, की त्याच सुमारास गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रांपुढेही माणसांची रांग लागते. कोणाला सातबाऱ्याचा उतारा हवा असतो, कोणाला पीकविम्याचा अर्ज भरावयाचा असतो, कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला. आणि पायांचा चिखल वाळण्यापूर्वीच परत बांधीत जाण्याची घाई असलेल्या ह्या माणसांना जे वाक्य वारंवार ऐकावे लागते ते म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पुष्कळदा ते खरे असते. परंतु लाखनी तालुक्यातल्या एका केंद्रात तीन दिवस सतत उच्चारले गेलेले हे वाक्य खरे नव्हते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. आणि त्या तीन दिवसांत नेटवर्काविषयी जितके गैरसमज माझ्या कानांवर आले, तितके एरवी वर्षभरात आले नसतील.

त्या केंद्रात संगणक चार, प्रिंटर एक आणि कंपनीने बसवून दिलेला राउटर एक. मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून केंद्रचालक तरुणाने बाजारातून दुसरा राउटर आणला आणि पहिल्याकडून आलेली वायर त्याच्या पाठीमागच्या, जेथे ती बसली त्या पोर्टात खोवून दिली. त्या दिवसापासून चारांपैकी दोन संगणक चालत आणि दोन अडत. आणि बंद करून पुन्हा चालू केले, की काल चालणारा आज अडे आणि काल अडलेला आज बिनदिक्कत चाले. ‘सर, वायरस शिरला असन का जी?’ असे त्याने मला काकुळतीने विचारले. वायरस शिरलेला नव्हता, सरकारी सर्व्हर बंद पडलेला नव्हता, कंपनीने जोडणीही तोडलेली नव्हती. त्या खोलीत एकाच वेळी दोन मुखत्यार पट्टे वाटू लागले होते, इतकीच गोष्ट होती.

पट्टा हा शब्द मी जाणूनबुजून योजतो, कारण ज्या व्यवस्थेमुळे हे घडते तिच्या मूळ नियमांतही भाडेपट्ट्याचीच भाषा आहे. संगणक नेटवर्काला जोडला गेला, की आपला पत्ता काय ह्याचे त्याला ज्ञान नसते. म्हणून तो सर्वांना उद्देशून हाक देतो. ती ऐकून राउटर अमुक पत्ता अमुक मुदतीसाठी देण्याचा देकार पाठवितो. संगणक त्या देकाराप्रमाणे रीतसर मागणी करतो. आणि राउटर मंजुरीची पोच देतो. जुन्या मालगुजारीच्या दप्तरात पट्टा आणि कबुलायत ह्यांची जी जोडी असे, तीच येथे क्षणार्धात पुरी होते. ह्या रीतीला डीएचसीपी म्हणतात. १९८५ सालच्या बूटपी नावाच्या एका साध्या योजनेतून ती वाढली, १९९३ मध्ये प्रथम नियमबद्ध झाली आणि आज सर्वत्र चालणारे तिचे स्वरूप मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांचे आहे. तीसएक वर्षांपूर्वी, एका संस्थेतली माणसे एकमेकांस ओळखतात असे गृहीत धरून, रचलेले हे नियम आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

सर्वांत रूढ समज असा, की ‘ऑटोमॅटिक’ ठेवले म्हणजे संगणक फक्त आपला पत्ता बाहेरून घेतो. वस्तुतः पत्ता हा त्या पट्ट्यातला केवळ एक रकाना आहे. बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे आकडी पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर कोणता, घड्याळ कोणाकडे पाहून लावावे, कोणत्या ठिकाणी जाण्यासाठी कोणता मार्ग धरावा, इतकेच नव्हे तर ब्राउझरने कोणत्या मध्यस्थामार्फत बोलावे, ह्या सर्वांसाठी त्यात क्रमांकित रकाने आहेत. दरवाजाचा क्रमांक ३, डीएनएसचा ६, घड्याळाचा ४२, मुदतीचा ५१, मार्गांचा १२१, आणि मध्यस्थ शोधून देणाऱ्या सूचनेसाठी रूढ झालेला २५२. माणूस सही करण्यापूर्वी दस्तऐवज वाचतो; आपला संगणक मात्र आपण काही न सांगितल्यास ह्यांतील बहुतेक रकाने जसेच्या तसे मान्य करून मोकळा होतो.

ह्याहून अधिक घातक समज असा, की हा पट्टा देणारा अधिकृतच असला पाहिजे. कंपनीचा राउटर आहे, तेव्हा सेटिंगही कंपनीचीच येणार. डीएचसीपीच्या मूळ रचनेत देकार देणाऱ्याची ओळख पटविण्याची तजवीजच नाही. हाकेला ओ देईल तो देणारा, आणि व्यवहारात बहुतेक संगणक जो देकार आधी पोहोचेल तोच धरतात. लाखनीच्या केंद्रात हेच चालले होते. पहिला राउटर १९२.१६८.१ ह्या मालिकेतले पत्ते वाटीत होता, दुसरा १९२.१६८.० ह्या मालिकेतले. ज्या संगणकाला दुसऱ्याचा देकार आधी मिळे, तो बाहेर जाण्यासाठी दुसऱ्याच्याच दरवाजाशी जाई, आणि त्या दरवाजापलीकडे काहीच जोडलेले नसे. प्रिंटर पहिल्या मालिकेत असल्यामुळे तोही त्याला दिसेनासा होई. येथे कोणाचाही वाईट हेतू नव्हता; परंतु हेतू वाईट असता तरी संगणकाने तितक्याच निष्ठेने तो देकार मानला असता. सही-शिक्क्यानिशी देकार देण्याची पद्धत २००१ मध्ये नियमबद्ध झाली, पण ती रूढ झालीच नाही. मोठ्या कार्यालयांतील चांगल्या स्विचमध्ये, अमुक एका पोर्टाकडून आलेलेच देकार पुढे जाऊ द्यावेत, अशी पहाऱ्याची सोय असते. गावच्या केंद्रातील साध्या स्विचमध्ये ती सहसा नसते.

दुष्ट हेतूचे उदाहरणही इतिहासात नमूद आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने डीएनएस चेंजर नावाच्या उपद्रवी प्रणालीचे प्रकरण उघडकीस आणले. एस्टोनिया देशातील सहा जणांना अटक झाली, आणि सुमारे शंभर देशांतील चाळीस लाखांच्या आसपास संगणक तिच्या कचाट्यात सापडले होते असे सांगण्यात आले. ही प्रणाली संगणकाचा डीएनएस सर्व्हर बदलीत असे, आणि त्याहीपुढे जाऊन कारखान्यातून आलेला ठरावीक पासवर्ड वापरून घरच्या राउटरमध्ये शिरण्याचा व तेथील नोंदच पालटण्याचा प्रयत्न करी. तो साधला म्हणजे त्या घरातला निरोगी संगणकही पट्ट्याबरोबर तीच खोटी नोंद मुकाट्याने स्वीकारीत असे. न्यायालयाच्या आदेशाने त्या खोट्या सर्व्हरांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसविण्यात आले आणि ९ जुलै २०१२ रोजी तेही बंद झाले. ज्यांनी तोवर आपली नोंद तपासली नव्हती, त्यांचे इंटरनेट त्या दिवशी थांबले.

हे ऐकून कोणी घाबरून जाऊन असे समजू नये, की डीएनएस पालटला की बँकेतले पैसे गेलेच. भामट्याने बँकेच्या नावाखाली आपला पत्ता पुढे केला, तरी बँकेचे प्रमाणपत्र त्याला सहजासहजी सादर करता येत नाही, आणि ब्राउझर ठळक इशारा देतो. केंद्रात घाई असते, रांग तिष्ठत असते, आणि तो इशारा बाजूला सारून ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबण्याची सवय जडते. माझ्या मते नुकसानीचे खरे मूळ त्या सवयीत आहे.

आता ज्या समजासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. तो समज असा, की स्वयंचलित म्हणजे सर्वस्व मान्य, आणि ते नको असेल तर सर्वच आकडे हाताने लिहावे लागतात. मधला मार्ग नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलावांना येथे लोक मामा तलाव म्हणतात, आणि त्यांच्या पाटाचे पाणी ज्याच्या बांधीशी येते, तो आपल्या धुऱ्यात वाट किती पाडावी हे स्वतः ठरवितो. पाट आला म्हणून कोणी धुराच काढून टाकीत नाही, आणि पाणी जास्त येईल ह्या भयाने पाटच बुजवीत नाही. संगणकालाही असा धुरा आहे. विंडोजच्या ज्या खिडकीत ‘पत्ता आपोआप घ्यावा’ असे लिहिलेले असते, तिच्यातच खाली ‘डीएनएस सर्व्हर आपोआप घ्यावा’ हा निराळा पर्याय असतो. पहिला तसाच ठेवून दुसऱ्यात आपल्या विश्वासातला सर्व्हर लिहिता येतो. मध्यस्थ आपोआप शोधण्याचा पर्याय तर आणखी वेगळ्या ठिकाणी असतो, आणि ज्या कार्यालयात असा मध्यस्थ नाही तेथे तो बंद करण्यात तोटा काहीच नाही. लिनक्सच्या ग्नोम खिडकीत डीएनएस आणि मार्ग ह्या दोहोंपुढे ‘ऑटोमॅटिक’ची स्वतंत्र बटणे आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आला आहे.

ह्यातही एक बारकावा आहे, जो जाणकारांच्याही नजरेतून निसटतो. संगणक देकार मागताना आपल्याला कोणकोणते रकाने हवेत ह्याची यादी पाठवितो. तेव्हा त्या यादीतून डीएनएस वगळला म्हणजे काम झाले, असे वाटते. पण यादी ही विनंती आहे; न मागितलेला रकाना भरून पाठविण्यास देणाऱ्याला मज्जाव नाही, आणि आलेला रकाना संगणक वापरूही शकतो. म्हणूनच लिनक्सवर दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या डीएचक्लायंट ह्या प्रणालीत ‘रिक्वेस्ट’ ह्या शब्दाबरोबर ‘सुपरसीड’ हाही शब्द दिलेला आहे: काहीही आले तरी त्याच्या जागी माझेच मूल्य धरावे. बाहेरचे मूल्य ठेवून आपले त्याच्या आधी लावण्यासाठी ‘प्रीपेंड’ आहे. विनंती आणि इन्कार ह्यांतला हा भेद कायद्याच्या दस्तऐवजात जितका महत्त्वाचा, तितकाच येथेही.

आणि हा इन्कार योग्य दप्तरात नोंदविला पाहिजे. पुष्कळ जण लिनक्सच्या रिझॉल्व्ह नावाच्या फाइलमध्ये डीएनएसचा पत्ता हाताने बदलतात, संध्याकाळी तो जुन्यावर आलेला पाहतात आणि संगणक बिघडला असे म्हणतात. संगणक आपले काम चोख करीत असतो. पट्ट्याची निम्मी मुदत सरताच तो नूतनीकरण मागतो, नवी पोच येते, आणि पोचेतल्या मजकुराप्रमाणे ती फाइल पुन्हा लिहिली जाते. बदल पट्टा स्वीकारणाऱ्या प्रणालीच्या सेटिंगमध्ये करावा लागतो. तिच्या उत्पन्न झालेल्या कागदावर खाडाखोड करून उपयोग नाही.

‘आमच्याकडे व्हीपीएन आहे, आम्हांला चिंता नाही,’ असे शहरात शिकून आलेली मुले म्हणतात. मे २०२४ मध्ये लेव्हायथन ह्या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी टनेलव्हिजन ह्या नावाने दाखवून दिले, की १२१ क्रमांकाच्या रकान्यातून खोटे मार्ग पुरविले, तर संगणकाची वाहतूक व्हीपीएनच्या बोगद्यात न शिरता बाहेरूनच जाऊ शकते, आणि व्हीपीएन मात्र जोडलेले असल्याचे दिसत राहते. हा रकाना २००२ पासून नियमांत होता. ह्या दोषापासून अँड्रॉइड मुक्त राहिले, ह्याचे कारण ते हा रकाना मुळी स्वीकारतच नाही. काय घ्यावे ह्याहून काय घेऊ नये हे ठरविण्याचे महत्त्व दाखविणारे ह्यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. त्याआधी २०१८ मध्ये रेड हॅट लिनक्समध्ये असा दोष आढळला होता, की देकाराच्या मजकुरात दडविलेली आज्ञा संगणक सर्वाधिकाराने पार पाडी, कारण आलेल्या अक्षरांची शहानिशाच होत नसे. तो दुरुस्त झाला. जे केंद्रचालक अद्ययावतीकरण ‘नंतर पाहू’ म्हणून ढकलतात, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम नमूद करतो.

आयपी आवृत्ती ६ विषयीही थोडे सांगितले पाहिजे. जुन्या आवृत्तीची सर्व सेटिंग हाताने बांधून निश्चिंत झालेल्या माणसाला हे माहीत नसते, की नव्या आवृत्तीत राउटर स्वतः होऊन दवंडी पिटतो, आणि तीतून पत्त्याची मालिका, दरवाजा व डीएनएसही येऊ शकतो. एक दार लावून दुसरे उघडे ठेवण्यासारखे ते होते. दोन्हींची सेटिंग स्वतंत्रपणे पाहावी. तसेच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो कंपनीने दिलेला नसतो. हाकेला कोणीच उत्तर दिले नाही म्हणून संगणकाने तो स्वतःच धारण केलेला असतो. अशा वेळी आधी वायर पाहावी.

मग सर्वच हाताने लिहून टाकले तर? काही वर्षांपूर्वी मीही हाच सल्ला देत असे, आणि तो मी मागे घेतला आहे. चार संगणकांना चार आकडे दिले, पाचवा आला, कोणीतरी त्याला तिसऱ्याचाच आकडा दिला, आणि दोघेही अडले, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले. शिवाय लॅपटॉप घेऊन माणूस प्रवासाला निघाला, की रेल्वे स्थानकावरच्या वा लॉजवरच्या वायफायचे प्रवेशपान उघडण्यासाठी तेथलाच डीएनएस लागतो. आपला हट्टाने बांधून ठेवला, तर ते पान पुष्कळदा उघडतच नाही. ज्याला नेहमी एकच पत्ता हवा, त्याची नोंद राउटरमध्ये त्याच्या यंत्रक्रमांकासह राखीव करून ठेवता येते. पत्ता आपोआपच मिळतो, पण दरवेळी तोच मिळतो.

लाखनीच्या केंद्रात आम्ही प्रथम दुसऱ्या राउटरचा पट्टे वाटण्याचा अधिकार काढून घेतला आणि त्याला पहिल्याच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता दिला, म्हणजे तो केवळ वायफाय पुरविणारा उरला. प्रिंटरचा पत्ता राखीव केला. चारही संगणकांवर पत्ता स्वयंचलित ठेवून डीएनएस हाताने लिहिला आणि मध्यस्थ शोधण्याचा पर्याय बंद केला. तासाभराचेही काम नव्हते. शेवटी त्या तरुणाने दोन्ही राउटरांच्या पाठीवर छापलेले कारखान्याचे पासवर्ड बदलले, नवे पासवर्ड केंद्राच्या नोंदवहीऐवजी घरच्या डायरीत लिहून ठेवण्याचे कबूल केले, आणि तीन दिवस उताऱ्यासाठी खेपा घालणाऱ्या काकाजींना ओसरीवरून आत बोलावले.