कॉलेजच्या रस्त्यावरची रात्र आणि आपली मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी कामे आटोपतात आणि उठता उठता एक प्रश्न येतोच. "सर, मुलीचा नंबर पुण्यात लागलाय. पण तिथलं वातावरण फार बिघडलंय म्हणतात. पाठवू का?"

आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यातला. अनेक घरांतले अब्बा कुवेत, दोहा, दम्मामला. घरातले निर्णय अम्मीच्या अंगावर. "वातावरण" या शब्दातून त्यांना काय विचारायचे असते ते आम्हाला कळते. पुण्यातल्या बारच्या, पबच्या बातम्या त्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या असतात. मुलाच्या वेळी हा प्रश्न क्वचित येतो, मुलीच्या वेळी हमखास. त्याबद्दल पुढे बोलूच.

बातम्या खोट्या नाहीत. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा. बारावीच्या निकालाच्या आनंदात मित्रांबरोबर बारमध्ये पार्टी करून तो निघाला होता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. आमचा जन्म निबंध तपासण्यात चालला आहे, पण त्या निबंधाला गुण कसे द्यायचे हे आमच्यापैकी कोणाला सांगता आले नसते. पुढच्याच महिन्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या एका बारची चित्रफीत बाहेर आली. वेळ संपल्यावरही तिथे पार्टी चालू होती आणि स्वच्छतागृहात तरुण अमली पदार्थ घेत असल्याचा संशय होता. बारला सील लागले, काही पोलीस निलंबित झाले.

हा रस्ता कोणता, ते आधी समजून घेऊ. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झाले. रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ, पण ते फक्त पाटीवर. एका टोकाला गुडलक चौक. १९३५ पासून चालत आलेल्या इराणी हॉटेलावरून हे नाव पडले, आणि बनमस्का-चहासाठी तिथे आजही रांग लागते. रस्त्यावर पुस्तकांची दुकाने, कपड्यांचे स्टॉल, डोशाची हॉटेले. दिवसा हजारो विद्यार्थी इथून जातात आणि त्यांच्या हातात चहाच्या ग्लासापलीकडे काही नसते. त्याच रस्त्यावर, त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, संध्याकाळनंतर दुसरे दिवे लागतात. कोरेगाव पार्क, बाणेर, विमाननगर या भागांत तर हे दिवे जास्तच. विमाननगरलाही मोठी कॉलेजे आहेत आणि बाहेरगावच्या मुलामुलींची होस्टेले आणि पीजी गल्लोगल्ली आहेत.

बार कॉलेजाजवळ का येतो? धंदेवाल्याचे गणित साधे आहे. बाहेरगावचा मुलगा, हातात महिन्याचे पैसे, घरी वाट पाहणारे कोणी नाही आणि मित्र जोडायची घाई. आठवड्यातल्या एखाद्या रात्री मुलींना आत फुकट सोडतात, काही पेयेही फुकट देतात. त्याला "लेडीज नाइट" म्हणतात. वरवर पाहता मुलींचा मान. खरे तर मुली आल्या की मुले येतात, आणि मुलांकडून प्रवेशाचेही पैसे घेतात आणि पेयांचेही. म्हणजे फुकटचा ग्लास हातात घेणारी मुलगी त्या रात्री ग्राहक नसते, गिऱ्हाईक ओढण्याचे साधन असते. हे आपल्या मुलींना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. नुसते "हराम आहे" म्हणून विषय मिटवला तर हे गणित त्यांना कळत नाही.

आता कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे आणि त्यानुसार दारू पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवे, इतर दारूसाठी २५. पदवीच्या वर्गातली बहुतेक मुले १८ ते २१ या वयातली असतात. म्हणजे दीन क्षणभर बाजूला ठेवला, तरी देशाच्या कायद्याप्रमाणे या मुलांना एक घोटसुद्धा देता येत नाही. शाळा-कॉलेज आणि प्रार्थनास्थळांपासून बार ७५ मीटर दूर असावा असाही नियम आहे. आमच्या शाळेच्या मैदानाला एक फेरी मारली तरी यापेक्षा जास्त चालणे होते! पुण्यात बार रात्री दीडपर्यंत चालू ठेवता येतात. दारू पिऊन वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. हा शेवटचा नियम आपल्या मोहल्ल्यांत फार कमी लोकांना माहीत आहे. आठवीतल्या मुलाला स्कूटी देऊन दूध आणायला पाठवणारे अब्बा आम्ही रोज पाहतो.

आपली मुले या रस्त्यावर कुठे सापडतात? पिणारी असतील, नाही असे म्हणण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही. पण आमच्याकडे सुट्टीत भेटायला येणारे जुने विद्यार्थी वेगळेच सांगतात. एकजण म्हणाला, "सर, मी कधी घेतली नाही. पण वाढदिवस असला की सगळे तिकडेच जातात. नाही गेलो तर खोलीत एकटा. गेलो तर कोक घेऊन चार तास बसायचं." हा मुलगा दारूत अडकलेला नाही, एकटेपणात अडकलेला आहे. ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, ही शिकवण त्याला पाठ आहे. मग बसायचे कुठे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही.

दुसरा प्रकार पोटाचा. दिवसा कॉलेज आणि रात्री बारच्या बाहेर गाड्या लावण्याचे किंवा आत टेबल पुसण्याचे काम करणारी आपली मुले आहेत. फी भरायची असते, पगार रोख मिळतो. शराब पिणाऱ्याइतकेच ती गाळणारा, वाहून नेणारा, पाजणारा आणि विकणारा यांच्याबद्दलही हदीसमध्ये कडक इशारा आहे, हे आपण खुतब्यात ऐकतो. तो मुलगाही ऐकतो, आणि मान खाली घालून पुन्हा कामावर जातो. त्याला बोल लावण्याआधी त्याच्या फीचे काय, हे जमातीने विचारायला हवे. मशिदीच्या रंगासाठी वर्गणी निघते, तशी शहरात शिकणाऱ्या चार मुलांच्या खोलीभाड्यासाठीही निघू शकते. आणि हो, आपलाच गाळा बारला भाड्याने देणाऱ्या मालकालाही तो इशारा लागू आहे. तो मात्र पहिल्या सफेत बसलेला असतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही.

पवित्र कुरआनने शराब एका दिवसात बंद केली नाही, हे आम्हाला शिक्षक म्हणून नेहमी विचार करण्यासारखे वाटते. आधी सूरह बकरामध्ये फायद्यापेक्षा तिचा गुन्हा मोठा असल्याचे सांगितले. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली आणि तिच्याबरोबर कारणेही आली: आपसातले वैर, आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जाणे. तोवर माणसांची मने तयार झाली होती, म्हणूनच मदिनेच्या गल्ल्यांत शराब ओतून दिली गेली. आपण घरी उलटे करतो. अठरा वर्षे हा विषय काढत नाही आणि एसटी सुटताना खिडकीतून ओरडून सांगतो, "बेटा, वाईट संगतीला लागू नको!"

रात्र ही काही वाईट गोष्ट नाही. पुण्यातच रमजानमध्ये तरावीहनंतर मोमिनपुऱ्यात, कोंढव्याच्या कौसरबागेत पाय ठेवायला जागा नसते. कबाब, मालपुवा, शीरमल, सगळ्या धर्मांची कॉलेजची मुले, आणि दारूचा थेंब नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले मध्यरात्रीनंतरही दिव्याखाली बसलेली असतात आणि खाली टपरीवर चहा उकळत असतो. म्हणजे त्याच शहरात त्याच वेळी दुसरी रात्रही आहे. पण नवख्या मुलाला तिचा पत्ता कोणीतरी द्यावा लागतो. आधीच तिथे शिकणारे गावचे भाईजान किंवा बाजी हे काम सहज करू शकतात. पुण्यात असलेल्या आमच्या काही जुन्या मुलांनी महिन्यातून एका शनिवारी एकत्र जेवायचे ठरवले आहे. खिचडी आणि कढी, फार काही नाही.

आता मुलीचा प्रश्न. आमचे मत स्पष्ट आहे. रस्त्यावर बार आहे म्हणून मुलीचे कॉलेज बंद करणे म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा तिला देणे आहे. आमच्याकडे ९० टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुली या एका शब्दापायी घरी बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यापेक्षा कमी गुणांचे सख्खे भाऊ कोणतीही चौकशी न होता त्याच पुण्यात गेले. भीती खरी असेल तर ती दोघांसाठी सारखी असायला हवी. बारमध्ये अडकण्याचा धोका कोणाला जास्त, याचा विचार केला तर भावाचीच चौकशी आधी व्हावी.

शहरात राहणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. आपल्या राज्यात महिलांना मतदानाने आपल्या वॉर्डातले दारूचे दुकान बंद करता येते. लोक याला "आडवी बाटली"चे मतदान म्हणतात. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिले की मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. निम्म्याहून जास्त, तेही आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. म्हणून हे मतदान अनेक ठिकाणी थोडक्यात हरले जाते. होस्टेलच्या मुलींची नावे त्या यादीत नसतात, पण वॉर्डात राहणाऱ्या आपांची असतात. आपले नाव यादीत आहे का, एवढे तरी पाहून ठेवा.

आणि ज्यांचा प्रवेश ठरला आहे त्यांना एक विनंती. फी भरायला जाल तेव्हा सकाळी स्वारगेटला उतरून संध्याकाळच्या एसटीने परत फिरू नका. एक रात्र तिथे थांबा. इशाची नमाज जवळच्या मशिदीत पढा आणि मग होस्टेलपासून कॉलेजपर्यंत पायी चालून पाहा. कोणती दुकाने उघडी आहेत, दिवे कुठे आहेत, रिक्षा कुठे मिळते, होस्टेलचे गेट किती वाजता बंद होते आणि उशीर झाला तर कोण उघडते, ते विचारून घ्या. वॉर्डनचा नंबर आणि गावच्या दोन मुलांचे नंबर कागदावर लिहून घ्या, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. मुलाला एवढे सांगून ठेवा की रात्री कोणत्याही वेळी, कोणत्याही जागेवरून त्याने फोन केला तर आधी त्याला घरी कसे आणायचे ते पाहू. रागावणे सकाळी.