आभासी यंत्रांची जोडणी : योग्य मार्गाची निवड

सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आता संगणकाच्या पडद्यावर होतात. पडदा तालुक्याच्या गावी असला, तरी त्यामागील नोंदी दूरच्या सर्व्हरवर असतात. अर्जदार खिडकीशी ताटकळत उभा राहिला, की सर्व्हर अपुरा पडतो असे गृहीत धरले जाते व अधिक मोठ्या यंत्राची मागणी पुढे येते. तथापि, दोष पुष्कळदा यंत्राच्या ताकदीत नसून त्याच्या नेटवर्क-जोडणीत असतो. ही जोडणी सुधारण्यास नवी खरेदी लागतेच असे नाही.

एका यंत्रात अनेक यंत्रे

एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. त्यांना आभासी यंत्रे म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली जाहीर केली होती. २००७ मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम ही सोय समाविष्ट झाली आणि साध्या सर्व्हरवरही हे तंत्र सुलभ झाले. भारतात २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेत राज्य डेटा सेंटरांची तरतूद झाली. पुढे २०१४ मध्ये ‘मेघराज’ ही शासकीय क्लाउड सेवा सुरू झाली. क्लाउड सेवांचा पाया प्रामुख्याने आभासी यंत्रांचाच आहे.

मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, तशी ही रचना असते. प्रत्येक बिऱ्हाडाचा संसार वेगळा. परंतु बाहेर जाण्याचा रस्ता एकच. हा रस्ता कसा वापरावयाचा, हे ठरविणे म्हणजेच जोडणीची निवड करणे होय.

पहिला प्रश्न : यंत्रापर्यंत कोणी पोहोचावयाचे?

नॅट पद्धतीत सर्व आभासी यंत्रे यजमान सर्व्हरच्या एकाच पत्त्याने बाहेर संपर्क साधतात. सर्व बिऱ्हाडांचे टपाल देवडीवरून जावे, तसा हा प्रकार आहे. आतून बाहेर जाणे सोपे असते. बाहेरून आत येण्यासाठी मात्र खास नियम करून द्यावा लागतो. शाळेतील प्रशिक्षण किंवा चाचणीचे काम यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. शाळेचा संगणक वायरलेस जोडणीवर असेल, तर ती विशेष सोयीची ठरते. कारण वायरलेस केंद्र एका जोडणीवर सहसा एकाच कार्डाचा पत्ता स्वीकारते आणि तेथे ब्रिज पद्धत बहुधा चालत नाही.

ब्रिज पद्धतीत प्रत्येक आभासी यंत्र कार्यालयाच्या नेटवर्कवर स्वतःच्या पत्त्यासह उभे राहते. जी सेवा अनेकांनी थेट वापरावयाची आहे, तिच्यासाठी ही पद्धत योग्य होय. मात्र अशा यंत्राचे रक्षण स्वतंत्र सर्व्हरप्रमाणेच करावे लागते.

तिसरी पद्धत केवळ अंतर्गत जोडणीची आहे. नागरिकांच्या नोंदी असलेला डेटाबेस बाहेरून कोणालाही दिसण्याचे कारण नाही. तो व त्याचा उपयोग करणारी सेवा एकाच सर्व्हरवर ठेवल्यास त्यांच्यातील देवाणघेवाण केबलवर येतच नाही. सर्व्हरच्या स्मृतीतच पूर्ण होते. त्यामुळे वेग व सुरक्षितता दोन्ही साधतात.

दुसरा प्रश्न : कार्ड कोणते दाखवावे?

आभासी यंत्राला दिसणारे नेटवर्क-कार्डही आभासीच असते. काही ठिकाणी ते जुन्या, खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल असते. नक्कल केलेल्या कार्डाला आज्ञा देताना आभासी यंत्र वारंवार थांबते, यजमान प्रणाली ती आज्ञा समजून घेते व काम पुढे सरकते. एक गिगाबिट जोडणी पूर्ण भरली, तर सामान्य आकाराची सुमारे ८१ हजार पाकिटे एका सेकंदात जातात; इतक्या वर्दळीत ही खोळंबण जाणवू लागते.

यावर उपाय म्हणून २००८ पासून लिनक्समध्ये व्हर्टिओ हे कार्ड उपलब्ध आहे. यात खऱ्या कार्डाची नक्कल नाही. दोन्ही बाजू सामायिक स्मृतीत पाकिटे ठेवतात व अनेक पाकिटांची सूचना एकदम देऊ शकतात. केव्हीएमवर चालणाऱ्या बहुतेक कामांसाठी हीच निवड करावी. आभासी यंत्रात त्याचा ड्रायव्हर असावा लागतो. लिनक्समध्ये तो सहसा असतोच, विंडोजमध्ये निराळा बसवावा लागतो.

याहून पुढचा मार्ग एसआर-आयओव्ही हा आहे. यात एक खरे कार्ड अनेक भागांत विभागून प्रत्येक भाग थेट आभासी यंत्राच्या हाती देतात. विलंब अत्यल्प होतो. परंतु कार्ड व सर्व्हर त्या सोयीचे असावे लागतात, आणि चालू स्थितीतील यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलविणे अवघड होते. सर्व्हरच्या दुरुस्तीच्या दिवशीही सेवा अखंड राहावी, अशी अपेक्षा असेल तेथे हा तोटा मोठा आहे. सामान्य कार्यालयीन सेवांना याची गरज क्वचितच भासते.

निर्णयापूर्वी मोजमाप

नव्या यंत्राचा प्रस्ताव करण्यापूर्वी विद्यमान जोडणी मोजून पाहावी. आयपर्फ यांसारख्या विनामूल्य साधनाने दोन यंत्रांमधील वेग काही मिनिटांत कळतो. आधी यजमान सर्व्हरवरून व नंतर आभासी यंत्रातून मोजणी करावी. पहिला आकडा चांगला व दुसरा कमी असेल, तर आभासी कार्ड व जोडणीची पद्धत तपासावी. दोन्ही कमी असल्यास केबल, स्विच किंवा बाहेरील रेषेकडे पाहावे. दोन्ही चांगले असूनही काम संथ असेल, तर कारण नेटवर्कमध्ये नसून सेवेच्या रचनेत किंवा डेटाबेसमध्ये शोधावे.

कोणी पोहोचावयाचे, किती वर्दळ अपेक्षित आहे आणि यंत्र हलवावे लागेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पुरवठादाराशी बोलण्यापूर्वीच कार्यालयाने लिहून ठेवावीत. तांत्रिक मांडणी तज्ज्ञ करतील. परंतु ही उत्तरे सेवेची जबाबदारी असलेल्या कार्यालयानेच द्यावयाची आहेत. तसे झाल्यास सार्वजनिक पैसा वाचेल आणि खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकाचा वेळही.