उपनगरी प्रवास आणि घरकामाचे वेळापत्रक : मुंबई परिसरातील नोकरदार कुटुंबांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबईहून कल्याण किंवा विरारकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीच्या महिला डब्यात सायंकाळी एक दृश्य नेहमी आढळते. बसायला जागा मिळालेली एखादी स्त्री मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत असते. शेजारची गवारीच्या शेंगा मोडते, समोरची मटार सोलते. या दृश्याकडे बहुधा कौतुकाने पाहिले जाते. वेळ वाया न दवडण्याची सवय किंवा मैत्रिणींच्या गप्पांना दिलेली जोड असे त्याचे वर्णन केले जाते. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ही स्त्री त्या घटकेला नेमके काय करीत असते? प्रवास, विश्रांती की घरकाम?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने उपनगरी प्रवास व घरकाम यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. प्रवासाचा वेळ हा घर आणि नोकरी यांच्यामधील रिकामा वेळ नसून घरकामाला कमी पडणारा वेळ भरून काढण्याची ती एक जागा आहे, आणि वेळेच्या गणनेत या कामाची पुरेशी नोंद होत नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

घरकाम म्हणजे काय?

घरकामाची व्याख्या वाटते तितकी सोपी नाही. अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यासाठी एक निकष मांडला. जे काम मोबदला देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येते, ते उत्पादक काम होय. स्वयंपाक दुसऱ्याकडून करून घेता येतो. मात्र जेवणे, झोपणे किंवा सिनेमा पाहणे दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.

हा निकष डब्यातील मेथीला लावून पाहता येतो. ठाणे, डोंबिवली, बोरिवली यांसारख्या स्थानकांबाहेर निवडलेली भाजी, सोललेले मटार व सोललेला लसूण यांची पाकिटे विकली जातात. न निवडलेल्या जुडीपेक्षा त्यांची किंमत अधिक असते. हा फरक म्हणजे निवडण्याच्या श्रमाची बाजारातील किंमत होय. विक्रेत्याने निवडलेल्या भाजीत ती मोजली जाते. तेच काम डब्यात बसून स्वतःच्या घरासाठी केले की ती शून्य धरली जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत स्वतःच्या कुटुंबासाठी केलेल्या विनामोबदला सेवांचा समावेश होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक वर्गीकरणात केवळ घरकाम करणारी व्यक्ती श्रमशक्तीबाहेर गणली जाते, हे याच विचारसरणीशी सुसंगत आहे.

अंतर वाढण्याची पार्श्वभूमी

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. विजेवरील पहिली उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर सुरू झाली. त्यामुळे नोकरीच्या ठिकाणापासून दूर राहणे शक्य झाले. तथापि मराठी मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांचे मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील चाळींतील खोल्या वाढत्या कुटुंबांना अपुऱ्या पडू लागल्या. शहरातील नवी घरे आवाक्याबाहेर गेली. १९८२ साली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले आणि त्यानंतर गिरणगावाची आर्थिक घडी मोडली. अनेक कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार येथे गेली. कार्यालये मात्र बराच काळ दक्षिण मुंबईतच राहिली.

या स्थलांतरात घराचे क्षेत्रफळ वाढले, त्याबरोबर दोन गोष्टी गमावल्या गेल्या. पहिली म्हणजे वेळ. मुंबई ते कल्याण हे अंतर सुमारे ५४ कि.मी., तर चर्चगेट ते विरार सुमारे ६० कि.मी. आहे. या प्रवासाला जलद गाडीनेही तासाभराहून अधिक वेळ लागतो. घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय हा वेळ वेगळाच. दुसरी गोष्ट म्हणजे शेजारची मदत. चाळीत मुलाला शेजारच्या काकूंकडे सोडता येत असे, आलेले रेशन वा दूध कोणीतरी घेऊन ठेवत असे. बंद दरवाजांच्या सदनिकेत ही व्यवस्था आपोआप उभी राहत नाही. म्हणजे घरकामासाठी मनुष्यबळ कमी झाले, त्याच वेळी हाताशी असलेला वेळही आटला.

दिवसाची बांधणी

उपनगरातील कुटुंबाच्या दिवसाचे एक वैशिष्ट्य असे की त्यातील बहुतेक वेळा कुटुंबाच्या हातात नसतात. नळाला पाणी ठरलेल्या वेळी येते. घंटागाडी, शाळेची बस व पाळणाघर यांच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यात ७.४२ किंवा ८.०५ ची एक विशिष्ट गाडी असते. ती चुकली तर पुढच्या गाडीत केवळ काही मिनिटे नव्हे, तर ओळखीचा गट आणि बसण्याची शक्यताही हुकते.

या ठरलेल्या वेळांच्या मधल्या फटींत घरकाम बसवावे लागते. नमुन्यादाखल कल्याणमधील नोकरदार स्त्रीचा दिवस कल्पिल्यास तो पहाटे पाचच्या सुमारास पाणी भरण्यापासून सुरू होतो. पोळ्या, दोन किंवा तीन डबे, मुलांची तयारी, सासूबाईंची औषधे काढून ठेवणे ही कामे साडेसातपर्यंत आटोपावी लागतात. सायंकाळी परत येताना स्थानकाबाहेरची भाजी, वाटेवरचे पाळणाघर, औषधाचे दुकान असे टप्पे घेत ती घरी पोहोचते. रात्रीच्या स्वयंपाकानंतर उद्याची कणीक, कडधान्य भिजत घालणे आणि मुलांचा अभ्यास शिल्लक असतोच. रविवारी आठवड्याची साठलेली कामे असतात. त्या दिवशी माहेरी किंवा लग्नकार्याला जायचे असल्यास मेगाब्लॉकचे वेळापत्रक आधी पाहावे लागते.

त्याच कुटुंबातील पुरुषही तितकाच किंवा अधिक लांबचा प्रवास करतो, हे नोंदवणे आवश्यक आहे. मुले उठण्यापूर्वी घर सोडणे व ती झोपल्यावर परतणे हा अनेक वडिलांचा अनुभव आहे, आणि कुटुंबाच्या दृष्टीने ती मोठी हानी आहे. फरक आहे तो प्रवासाच्या स्वरूपात. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळे असतात, वृत्तपत्रवाचन व डुलकी असते. स्त्रियांच्या डब्यातही वाचन, विणकाम, नवरात्रातील एकाच रंगाच्या साड्या आणि हळदीकुंकू असते. मात्र रात्रीच्या भाजीची पूर्वतयारी फक्त एकाच डब्यात आढळते.

प्रवासातील घरकाम

प्रवासात होणाऱ्या घरकामाचे तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार हाताने करावयाच्या कामांचा. भाजी निवडणे, सोलणे, उसवलेले शिवणे ही कामे त्यात येतात. त्यासाठी बसायला जागा हवी. गर्दीच्या वेळी उभ्या प्रवाशाला हात वर करणेही कठीण असते. म्हणून काही स्त्रिया आधी उलट दिशेने गाडी सुटण्याच्या स्थानकापर्यंत जातात आणि तेथून जागा पकडतात. तेथेही पुष्कळदा तिघींच्या बाकावरची चौथी सीटच वाट्याला येते. येथे एक विरोधाभास दिसतो. प्रवासात काम करण्यासाठी किंवा निदान टेकण्यासाठी प्रवासाचाच वेळ वाढवावा लागतो.

दुसरा प्रकार वाटेतील खरेदीचा व ने-आण करण्याचा. घर ते कार्यालय हा एक सरळ प्रवास मानून वाहतुकीचे नियोजन केले जाते. प्रत्यक्षात स्त्रियांच्या प्रवासाला भाजीबाजार, पाळणाघर, शाळा असे अनेक थांबे जोडलेले असतात. स्थानकाबाहेर सुरक्षित पदपथ नसणे किंवा भाजीवाल्यांना हटवून दूर बसवणे याचा थेट परिणाम घरकामाच्या वेळेवर होतो, तो यामुळे.

तिसरा प्रकार नियोजनाचा. गॅस सिलिंडरची नोंदणी, कामवाल्या बाईंची रजा, परीक्षेची तारीख, येणारे पाहुणे यांचा हिशेब मनात चालू असतो. भ्रमणध्वनी आल्यापासून या कामाला आवाज मिळाला. ‘कुकर लाव, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर’, ‘आजीला गोळी दिलीस का?’ अशा सूचना देत घर डब्यातून चालवले जाते. साधनाने अंतर कमी केले, जबाबदारी मात्र त्याच व्यक्तीकडे ठेवली.

गणनेतील अडचण

माणसे वेळ कशी वापरतात याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पाहण्यांना वेळ-वापर पाहणी म्हणतात. भारतात अशी प्रायोगिक पाहणी जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात सहा राज्यांत झाली. त्यांत गुजरात व मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पाहणी प्रथम २०१९ साली आणि नंतर २०२४ साली झाली. या पाहणीत आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढील २४ तासांची माहिती अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारली जाते. एका तुकड्यात १० मिनिटे किंवा अधिक चाललेली कमाल तीन कामे नोंदवता येतात आणि त्यांतील एक मुख्य मानले जाते.

पद्धत काळजीपूर्वक आखलेली आहे. तरीही डब्यातील मेथी तिच्यातून निसटण्याची शक्यता राहते. ‘सहा ते साडेसात काय केले?’ या प्रश्नाला ‘घरी येत होते’ हे स्वाभाविक उत्तर आहे. निवडणारीलाच ते काम वाटत नाही, तर ते नोंदवले कसे जाणार? नोंद झाली आणि तो अर्धा तास दोन कामांत वाटला गेला, तर दिवसाची बेरीज २४ तासच राहते. एकाच वेळी दोन भार वाहिल्याचा ताण त्या बेरजेत दिसत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रवास त्याच्या उद्देशानुसार नोंदवला जातो. परतीच्या वाटेवर भाजी व मूल दोन्ही घेऊन येणारीचा प्रवास नोकरीच्या खात्यात मांडावा की घराच्या, हेही तितकेच अवघड ठरते.

उपलब्ध आकडेवारी वाचतानाही सावधगिरी आवश्यक आहे. २०१९ च्या पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणाऱ्या पुरुषांनी ९७ मिनिटे दिली. येथे प्रमाण साधारण तिप्पट दिसते. परंतु ही सरासरी फक्त सहभागी व्यक्तींची आहे. घरकामात सहभाग स्त्रियांचा ८१.२ टक्के आणि पुरुषांचा २६.१ टक्के होता. सहभागी नसलेल्यांना धरून हिशेब केल्यास स्त्रियांची सरासरी सुमारे २४३ मिनिटे व पुरुषांची सुमारे २५ मिनिटे येते, म्हणजे जवळजवळ दहापट. घरकाम करणाऱ्या पुरुषाचे कौतुक होते ते या दुसऱ्या प्रमाणामुळे. २०२४ च्या पाहणीत सहभागींचे आकडे २८९ व ८८ मिनिटे असे आले. दोन्ही किंचित घटले. त्यांतील अंतर साधारण तेवढेच राहिले.

नोंदीचे महत्त्व

ही केवळ शास्त्रीय चर्चा नव्हे. ५ जानेवारी २०२१ रोजी अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरण्याची आवश्यकता विशद केली. त्या वेळी २०१९ च्या पाहणीतील २९९ व ९७ मिनिटांचा आधार घेण्यात आला. ज्या श्रमाची नोंद होते, त्याचेच मूल्य न्यायालयात मांडता येते.

नोंदीअभावी धोरणात काय घडते, याचे उदाहरणही याच मार्गावर मिळते. चर्चगेट ते बोरिवली ही महिला विशेष गाडी ५ मे १९९२ रोजी सुरू झाली आणि स्त्रियांच्या प्रवासाची स्वतंत्र दखल घेतली गेली. याउलट कोविड काळात मार्च २०२० पासून सर्वसामान्य प्रवाशांना बंद असलेली उपनगरी सेवा २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व महिलांना खुली झाली, ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर. गर्दी टाळण्याचा हेतू योग्य असला तरी दहाच्या कार्यालयात जाणारीला त्या सवलतीचा उपयोग मर्यादितच होता. सायंकाळी सातनंतर निघणारी स्त्री रात्रीच्या स्वयंपाकाला केव्हा पोहोचेल, हा प्रश्नही त्या वेळापत्रकाबाहेर राहिला.

मदत घेण्याचा मार्गही पूर्ण उत्तर देत नाही. पोळी-भाजी केंद्रे व घरकामगार स्त्रिया यांच्यामुळे अनेक कुटुंबांना दिलासा मिळतो. परंतु पाचच्या आधी उठून स्वतःचे घर आवरून दुसऱ्याच्या घरी पोहोचणारी स्त्रीही प्रवास करीतच येते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तिच्या स्वतःच्या घरातील कामाचा प्रश्न मात्र तसाच राहतो. काम एका स्त्रीकडून दुसरीकडे सरकते, घरातील पुरुषाकडे क्वचितच येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की उपनगरी कुटुंबाच्या दैनंदिन जीवनात प्रवास व घरकाम या दोन वेगळ्या गोष्टी उरलेल्या नाहीत. अंतराने घेतलेला वेळ घरातील कोणीतरी परत भरून देत असते आणि तो बहुधा स्त्रीच्या विश्रांतीतून भरला जातो. डब्यातील तासभर हा तिच्या दिवसातील एकमेव निवांत तास असू शकतो. त्या तासात मेथी निवडली जाते याचा अर्थ रात्रीच्या जेवणाची किंमत विश्रांतीच्या रूपाने चुकवली जाते, असा होतो.

म्हणून वेळ-वापराच्या पुढील पाहण्यांत प्रवासातील दुय्यम कामांविषयी स्वतंत्र व स्पष्ट प्रश्न विचारले जाणे उपयुक्त ठरेल. स्थानक परिसराच्या नियोजनात पाळणाघर, भाजीबाजार व पदपथ यांना प्रवासाचाच भाग मानले जावे. महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल व गृहविज्ञान या विभागांना आपल्या परिसरात विद्यार्थ्यांकरवी २४ तासांच्या नोंदवह्या भरून घेऊन लहान प्रमाणावर हा अभ्यास सहज करता येईल. अशा नोंदवहीत विद्यार्थ्याने प्रथम स्वतःच्या घरातील दिवस लिहावा. आईच्या रकान्यात ‘प्रवास’ या शब्दापुढे आणखी काय लिहावे लागते, हे त्याला तेथेच उमगेल.