लाटेआधी आणि लाटेनंतर

सकाळी 7

ऑगस्ट म्हणजे केपटाउनचा हिवाळा. सूर्य सवासातच्या पुढे उगवतो. तोवर मुइझनबर्गच्या किनाऱ्यावर वारा असतो आणि कुत्र्यांना फिरवायला आलेली चार माणसं. अडचणीतल्या मुलांना सर्फिंग शिकवणाऱ्या कोचचा दिवस इथे सुरू होतो. मिनीबस टॅक्सीतून उतरली की ती आधी पाण्याकडे बघत उभी राहते. वायव्येचा वारा असेल तर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटा नीट आकार धरतात. आग्नेयेचा सुटला तर सगळं पाणी विस्कटतं. फॉल्स बे उपसागराचा हा कोपरा उथळ, सपाट वाळूचा आहे. लाट दूरवर फुटते आणि फेसाचा पट्टा बराच वेळ किनाऱ्याकडे सरकत राहतो. नवशिक्याला याहून चांगली जागा मिळणं अवघड. 1922 साली ॲगाथा ख्रिस्ती इथेच फळीवर पोटावर पडून लाटा घ्यायला शिकल्या होत्या.

आज दुपारी जी मुलं येणार आहेत, त्यांच्या आजी-आजोबांना हा किनारा बंद होता. वर्णभेदाच्या राजवटीने 1953 साली कायदा करून बाकं, दवाखाने, समुद्रकिनारे सगळं वाटून टाकलं. तो कायदा 1990 साली रद्द झाला. पण त्याआधी 1950 च्या कायद्याने हजारो कुटुंबांना घरांतून उठवून केप फ्लॅट्सच्या वाळूत नेऊन टाकलं होतं, ती तिथेच राहिली. लॅव्हेंडर हिल ही त्यातलीच एक वस्ती. इथून मोटारीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. टोळ्यांची भांडणं पेटली की तिथे भरदिवसा गोळ्या चालतात, आणि मुलं शाळेत जाताना कोणत्या गल्लीतून जायचं नाही हे पाठ करतात. समुद्र इतक्या जवळ असूनही पाण्यात पाऊल न टाकलेली मुलं तिथे कितीतरी आहेत.

सकाळी 8

डोंगराच्या कडेला बॉयस ड्राइव्हवर शार्क स्पॉटर दुर्बीण लावून बसतो. ही व्यवस्था 2004 पासून चालू आहे. हिरवा झेंडा म्हणजे पाण्यात स्पष्ट दिसतंय आणि शार्क नाही. काळा म्हणजे नीट दिसत नाही, लाल म्हणजे सावध राहा. पांढरा झेंडा चढला आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी बाहेर यायचं. मोठे पांढरे शार्क या उपसागरात आता क्वचितच दिसतात, तरी मुलांना पहिल्याच दिवशी हे झेंडे शिकवतात. वस्तीत धोका सांगून येत नाही. इथे त्यावर कुणीतरी दिवसभर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतं, ही गोष्ट मुलांना झेंड्याच्या रंगांपेक्षा जास्त लक्षात राहत असावी असं मला वाटतं.

सकाळी 9

कोच मंडळींची बैठक. हे सगळे विशीतले, त्याच वस्त्यांत वाढलेले. पदवीधर मानसतज्ज्ञ इथे मोजके आणि ते वस्तीपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा वस्तीतल्याच तरुणांना मुलांचं ऐकून घ्यायला, त्यांच्या रागाला न घाबरायला, गरज पडली तर समाजसेवकाकडे न्यायला शिकवायचं, हा मार्ग इथे रुळला. टिम कॉनिबेअर हा ब्रिटिश सर्फर 2009 च्या सुमारास मसिफुमेलेले वस्तीतल्या मुलांना शनिवार-रविवारी लाटांवर नेऊ लागला. त्यातून 2011 मध्ये वेव्हज फॉर चेंज ही संस्था उभी राहिली. तिकडे इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर 2010 साली वेव्ह प्रोजेक्ट सुरू झाला, तोही मनाने खचलेल्या मुलांसाठीच. आज अशा संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे.

बैठकीत आधी प्रत्येकाने स्वतःचं सांगायचं असतं. काल रात्री कुणाच्या गल्लीत गोळीबार झाला, कुणाला झोप नाही. ज्याचा जीव थाऱ्यावर नाही त्याला आज पाण्यात खोल भागात उभं करत नाहीत, काठावरचं काम देतात. मला या कामातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच वाटतो.

सकाळी 11

शाळेत चक्कर. कोणती मुलं पाठवायची हे शिक्षक आणि समाजसेवक ठरवतात. साधारण अकरा ते तेरा वर्षांची. मारामाऱ्या करणारा मुलगा शिक्षकांच्या यादीत आपोआप येतो. गप्प मुलगी राहून जाते. वर्गात दार आपटलं की दचकणारी, डबा न उघडणारी, वहीत काहीच न लिहिणारी. कोच अशा मुलांबद्दल मुद्दाम विचारते. गेल्या आठवड्यात कोण आलं नाही, त्याच्या घरी कोण आहे, फोन लागतो का, हेही विचारून घेते.

दुपारी 1.30

वेटसूट मापाप्रमाणे मांडायचे. मऊ फोमच्या फळ्या बाहेर काढायच्या, पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, कुठे झिजली आहे का ते बोटांनी चाचपायचं. पाव, पीनट बटर, फळं. मुलं उपाशी असतील असंच धरून चालतात. उपाशी पोटी पंधरा अंशांच्या पाण्यात कुणालाही उतरवत नाहीत.

दुपारी 3

गाडी येते. खाणं झालं की वाळूत गोल करून बसायचं. आज कसं वाटतंय हे प्रत्येकाने सांगायचं किंवा अंगठा वर-खाली करून दाखवायचं. सांगायचंच अशी सक्ती नाही. मग एका हाताच्या बोटाने दुसऱ्या पंज्याची कड गिरवायची. बोटावर चढताना श्वास आत, उतरताना बाहेर. सोडलेला श्वास लांबला की धडधड उतरते. सतत धोक्यात वाढलेल्या मुलाचं शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर असतं. अशा शरीराला ‘शांत हो’ म्हणून काही होत नाही. काय करायचं ते हातात द्यावं लागतं.

दुपारी 3.30

वेटसूट चढवणं हाच एक मोठा कार्यक्रम. टाचेत अडकतो, झिपमध्ये वाळू जाते, कुणाला दोन मापं मोठा येतो. कोच गुडघ्यावर बसून ओढते, पण आधी विचारते, ‘मी हात लावू का?’ ज्या मुलांच्या अंगावर न विचारता हात पडलेले आहेत, त्यांना हे विचारणं आवश्यक आहे. ‘नको’ म्हटलं की ती हात मागे घेते आणि कसं ओढायचं ते स्वतःच्या सूटवर दाखवते.

दर गटात गुडघाभर पाण्यापलीकडे न जाणारं कुणीतरी असतंच. एका मुलीचं घ्या. फेस घोट्याशी आला तरी तिच्या पोटात गोळा येतो. कोच तिच्या शेजारी उभी राहते, किनाऱ्याकडे तोंड करून नव्हे, समुद्राकडे. ‘इथवरच थांबू या का अजून एक पाऊल?’ ठरवायचं मुलीने. एखादा दिवस गुडघ्यातच सरतो. पुढच्या आठवड्यात मांडीपर्यंत. मग कधीतरी ती फळीवर पोटावर झोपते, पायाची बोटं शेपटीकडच्या टोकाशी, हनुवटी वर. छाती फार पुढे गेली तर फळीचं नाक पाण्यात रुततं, फार मागे राहिली तर लाट खालून निघून जाते. कोच शेपटी दाबून धरते, फेसाचा पट्टा येताना बघते आणि म्हणते, ‘ही येऊ दे. पुढची आपली.’ मग ढकलते. दुसरा कोच काठाजवळ तिला झेलायला उभा.

ती पडते. नाकातोंडात खारं पाणी जातं, फळी वर उसळते. म्हणूनच आधी वाळूत शिकवलेलं असतं: आडवं पडायचं, दोन्ही हात डोक्यावर, फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये येऊ द्यायची नाही. चार सेकंदांनी ती उठते, खोकते, आजूबाजूला बघते. दोन कोच तिच्याकडेच बघत असतात.

माझ्या मते औषध आहे ते इथे. घरातल्या, गल्लीतल्या भीतीला शेवट नसतो. ती कधी येईल आणि कधी जाईल हे मुलांच्या हातात नसतं. लाटेची भीती येताना दिसते, ती घ्यायची की सोडायची हे ठरवता येतं, आणि काही सेकंदांत ती संपते. संपल्यावर ओळखीचं मोठं माणूस तिथेच उभं असतं. नुसतं समुद्रात नेऊन सोडलं तर धडधाकट मुलं मजा करतील आणि घाबरलेली मुलं आणखी घाबरतील. या उपचारावरचे अभ्यास अजून लहान गटांचे आहेत, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण कोचच्या जागी दर आठवड्याला नवा स्वयंसेवक ठेवून हे काम चालेल असं मला अजिबात वाटत नाही. फळ्या दान करणारे भेटतात. कोचचा पगार वर्षानुवर्षं देणारे शोधावे लागतात, आणि खरी गरज त्यांचीच आहे.

दुपारी 4.45

बाहेर. ओठ निळे, दात वाजताहेत, सगळे एकाच वेळी बोलताहेत. कोरडे कपडे, पुन्हा पाव. पुन्हा गोल. आज कशाची भीती वाटली आणि तेव्हा तू काय केलंस? मारामाऱ्या करणारा मुलगा सांगतो की त्याने पंजा गिरवला, पाण्यात नाही, काल वर्गात. कुणी त्याला शाबासकीचं भाषण देत नाही. कोच विचारते, ‘कितीदा गिरवावा लागला?’ तो म्हणतो, ‘सातदा.’

संध्याकाळी 5.30

गाडी गेली. वेटसूट गोड्या पाण्यात धुऊन उलटे टांगायचे. मग नोंदी. मुलाने बोलता बोलता घरातल्या मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगितलं असेल तर ते कोचने स्वतःपाशी ठेवायचं नाही. इथल्या 2005 च्या बालकायद्याने मुलांबरोबर काम करणाऱ्या अनेकांवर अशी गोष्ट कळवण्याचं बंधन घातलंय. मुलांनाही हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, म्हणजे पुढे विश्वासघात झाला असं वाटत नाही.

शेवटचं काम हजेरीचं. एक मुलगा सलग दुसऱ्यांदा आला नाही. दिलेला फोन बंद आहे. कोच त्याच्या मागच्याच गल्लीत राहते. घरी जाताना ती त्याच्या दारावरून जाणार आहे, अंधार पडायच्या आत. त्याचा वेटसूट तिने पुढच्या मंगळवारच्या ढिगात वेगळा काढून ठेवलाय.