माळ्यावरची सायकल

जळगावचे जुने घर आवरताना वडिलांची रॅले सायकल आम्ही किलोच्या भावाने भंगारात दिली. पुढे पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे, २०१७ साली खुले झालेले सायकल संग्रहालय पाहिले आणि चूक उमगली. दुसऱ्या महायुद्धातली बीएसए पॅराट्रूपर सायकल तिथे आहे. दोन नट सैल केले की तिची चौकट दुमडते. छत्रीधारी सैनिकासोबत ती विमानातून उतरावी म्हणून ही सोय!

मग जळगाव-धुळ्याची भंगाराची दुकाने धुंडाळली. अखेर धुळ्यात एका ढिगाऱ्यात चेनव्हील चमकले. त्यात बगळ्यांची डोकी कोरलेली होती. रॅलेची हीच खूण. सायकल वडिलांची नव्हती, पण त्याच घराण्यातली होती.

गंजलेले भाग दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवले. छर्रे, टायर, ब्रेकचे रबर तेवढे नवे घातले. ‘‘भाऊ, रंग मारून टाकू, नवी दिसेल,’’ मिस्त्री म्हणाला. आम्ही नको म्हटले. रंगाखाली तिचे वय झाकले गेले असते.

तुमच्या माळ्यावरही एखादी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचे चेनव्हील एकदा पुसून पाहा.