गिटार आणि न थांबणारा उजवा हात



गिटार म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवते ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवलेली हवाईयन गिटार. (अमेरिकेच्या ग्रामीण 'कंट्री' संगीतात जी गिटार विव्हळताना ऐकू येते, तिचे माहेरही तेच हवाई बेट!) आज मात्र मला बोलायचे आहे ते छातीशी धरून वाजवायच्या, विजेची जोड नसलेल्या साध्या गिटारीविषयी, आणि तीवर एक 'कंट्री रॉक' गाणे कसे बसवावे याविषयी.

कंट्री आणि रॉक यांचा संसार १९६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात थाटला गेला. 'ईगल्स' या वृंदाचे 'टेक इट ईझी' हे १९७२ चे गाणे त्याच घरातले. जॅक्सन ब्राउनने ते रचायला घेतले, मध्येच अडले, आणि ग्लेन फ्रायने पुरे केले. शिकणाऱ्याला ते सोयीचे, कारण जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर या पाच कॉर्डांत त्याचा बहुतेक कारभार आटोपतो.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन स्वर. पांढरी पाच हा आपला षड्ज धरा. मग जी म्हणजे सा-ग-प, सी म्हणजे म-ध-सा, आणि डी म्हणजे प-नी-रे. या तिघींत मिळून बिलावलाचे सातही स्वर आले. ई मायनर म्हणजे ध-सा-ग, ए मायनर म्हणजे रे-म-ध. त्यांनी नवा स्वर येत नाही, रंग तेवढा पालटतो.

हे कळायला एक संध्याकाळ पुरते. गाडी अडते ती पुढे. माझीच गोष्ट सांगतो. उतारवयात मी गिटार घेतली, बोटांच्या टोकांना घट्टे पडले, कॉर्ड सुटे सुटे छान वाजू लागले. पण जीवरून डीवर जाताना हात थबके. बोटे जागेवर बसवायची, खाली वाकून पाहायचे, मग पुन्हा छेडायचे. ऐकणाऱ्याला ते गाणे नव्हे, लहान मुलाचे अडखळत वाचन वाटे. अखेर गिटार कपाटावर गेली आणि दोन वर्षे धूळ खात पडली.

चूक डाव्या हाताची नव्हती, उजव्याची होती. मूळ ध्वनिमुद्रणात ढोल आहेत, बास आहे, बर्नी लेडनचा बँजो आहे. आपण घरी एकटे! ती सगळी माणसे उजव्या हातात कोंबायची असतात. चार मात्रा मोजा. पहिल्या व तिसऱ्या मात्रेला एकच जाड तार, दुसऱ्या व चौथ्या मात्रेला बारीक तारांवर झटका. डग्गा आणि चाट, असे समजा. जी धरला असेल तर पहिल्या मात्रेला सर्वांत जाड तारेवरचा सा, तिसऱ्या मात्रेला चौथ्या तारेवरचा प. हा हात एकदा सुटला की काहीही होवो, तो थांबता कामा नये.

'पण डावी बोटे वेळेवर पोचली नाहीत तर?' न पोचोत! आता एक गंमत पाहा. गिटारीच्या सहा मोकळ्या तारा, जाडीकडून बारकीकडे, पांढरी पाचच्या हिशेबाने ध, रे, प, सा, ग, ध अशा मिळवलेल्या असतात. म्हणजे चक्क भूपाचे पाच स्वर. बोटे हवेत असताना झटका मोकळ्या तारांवर पडला, तरी क्षणभर भूप वाजतो. कानाला खुपत नाही. मुरलेले वादकही चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात बोटे मुद्दाम उचलतात आणि समेवर नव्या कॉर्डावर उतरतात. मोकळा झटका हा दोष नसून दोन कॉर्डांमधला सांधा आहे, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हा मूळ गाण्याच्या, मिनिटाला सुमारे १४० मात्रांच्या लयीमागे लागू नका. साठावर सुरू करा. प्रथम सी आणि ए मायनर ही जोडी घ्या. तेथे एकच बोट, अनामिका, पाचव्या तारेवरून तिसरीवर हलते, बाकी दोन जागची हलत नाहीत. जी आणि डी ही जोडी मग घ्यावी, ती त्रास देते. आठवड्याला पाच-सात मात्रा वाढवा, आणि एखादा दिवस दिवा मालवून वाजवा. डोळ्यांना बोटांकडे पाहता येत नाही, तेव्हा उजवा हात आपोआप पुढे होतो.